मोठ्या टायरांचा मुराळी

माझा आवाज मुळातच लहान आहे. वकिली करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही उणीव थोडी अवघड म्हणावी लागेल. उलटतपासणीत मी प्रश्न विचारला की साक्षीदार आधी "काय म्हणालात?" असे मलाच विचारीत, आणि त्याचे उत्तर देता देता माझा प्रश्न अर्धा विरून जाई. आवाज लहान असलेल्या माणसाला मोठ्या वस्तूंचा मोह पडतो, असे मी स्वतःकडे पाहूनच अनुमान काढले आहे. माझे टेबल मोठे होते, छत्री मोठी होती, आणि पन्नाशी ओलांडली त्या वर्षी मी माझ्या जीपला मोठी टायरे बसवली.

जीप लष्कराने मोडीत काढलेली होती व मी ती लिलावात घेतली होती. जमिनीच्या दाव्यांत खेड्यापाड्यांतल्या बांधांपर्यंत जावे लागते, हे कारण मी घरात सांगितले होते. खरे कारण असे की, त्या जीपमध्ये बसल्यावर लोक मला न ऐकताही वाट देत.

त्याच वर्षी वैशाखात आमच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न झाले. वळसंगच्या पलीकडचे एक गाव, घरची काळी जमीन. जावई वळसंगच्या शाळेत शिक्षक. पाठवणीच्या वेळी मुलीने माझा हात धरून विचारले, "अण्णा, पंचमीला याल ना?"

नागपंचमीला लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. हा मान भावाचा. तिला भाऊ नव्हता, म्हणून तो माझ्याकडे आला होता. लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी व्हावी, लिंबाला झोका बांधावा, शेजारच्या पोरींनी फेर धरावा, एवढे तिचे मागणे होते. "येईन" इतके उत्तर पुरेसे होते. परंतु मांडवात माणसे उभी होती, आणि आयुष्यात प्रथमच माझा आवाज चढला. मी म्हणालो, "कितीही पाऊस पडू दे, जीप तुझ्या दारात उभी करीन." तिने फक्त "याल ना" असे विचारले होते. जीप मी माझ्या पदरची घातली.

दुष्काळाची वर्षे मागे पडली होती आणि त्या साली आषाढातच आमच्याकडे पावसाने मनावर घेतले. एका दाव्याच्या निमित्ताने मी त्या बाजूला गेलो असता, मुलीच्या गावच्या ओढ्याजवळ माझी जीप चिखलात बसली. ती ढकलायला जी माणसे धावून आली त्यांत आमचे व्याहीही होते. धोतर गुडघ्यांवर घेऊन त्यांनी खांदा लावला, जीप निघाली, आणि ते हात धूत म्हणाले,

"वकीलसायब, तुमची जीप लई शानी हाय बघा. बोलावल्याबिगर पाव्हण्याच्या दारात जात न्हाय. शिवंवरच बसून घेती."

सगळे हसले. मीही हसलो. परंतु ते वाक्य माझ्याबरोबर सोलापूरपर्यंत आले आणि रात्री जेवायलाही बसले.

अक्कलकोट नाक्याजवळ एक मिस्त्री माझी जीप पाहत असे. मनुष्य प्रेमळ होता, आणि त्याच्यात व माझ्यात एक समान दोष होता: आम्हा दोघांनाही लहान उपाय पसंत पडत नसे. मी हकिगत सांगताच त्याने टायरला पायाने ठोकरले.

"वकीलसाब, गाडी क्या करेगी बिचारी? हाथी को बच्चे का चप्पल पिनाये तुम. ये सहा का टायर निकालो. साडेसात का डालो. फिर देखो, चिखल बाजू हटके सलाम करता."

दुष्काळी कामांवर गाड्या फिरवलेल्या एका कंत्राटदाराकडे साडेसात इंची रुंदीची, खोल नक्षीची टायरे पडून होती. ती मी आणली. अंगणात उतरवली तेव्हा माझी पत्नी तांदूळ निवडत ओट्यावर बसली होती.

"सहाच्या जागी साडेसात?" ती म्हणाली. "बरं झालं. लोक साडेसाती टळावी म्हणून मारुतीला तेल घालतात. तुम्ही घरी घेऊन आलात."

मिस्त्री घरीच आला; जुनी टायरे निघाली, नवी बसली. जीप हातभर उंच झाल्यासारखी दिसू लागली; प्रत्यक्षात जेमतेम दोन बोटे झाली असेल. मी आत बसलो, मिस्त्रीने "चलो" म्हटले, मी चाक पूर्ण वळवले, आणि जीपच्या पोटातून असा काही आवाज आला की समोरच्या विणकर कुटुंबातल्या आजीबाई माग थांबवून बाहेर आल्या. टायर रुंद झाल्यामुळे पूर्ण वळणावर त्याची आतली कड पाट्यांना, म्हणजे खालच्या लोखंडी स्प्रिंगांना, घासत होती. मागच्या बाजूला तर चाकाची खोबणच त्याला अपुरी पडत होती. मागे दोन माणसे बसली की टायर वरच्या पत्र्याला टेके आणि रबर जळाल्याचा वास येई.

"नवं हाय साब. जरा घिसेगा, फिर अपने आप बैठ जायेगा," मिस्त्री म्हणाला. नव्या सुनेविषयी बोलावे तसा त्याचा सूर होता.

मला ते पटले नाही. मी पुराव्याचा माणूस. टायर नेमके कुठे आणि किती घासते हे सिद्ध झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे मी ठरवले. आणि सिद्ध करण्याची जी पद्धत मला सुचली तिचा मला आजही थोडा अभिमान वाटतो, हे मी लाजत कबूल करतो. मी स्वयंपाकघरात जाऊन कणकेचा गोळा मागितला.

"कशाला?"

"टायर आणि पत्रा यांच्या मध्ये ठेवायचा. वजन पडलं की गोळा दबेल. जेवढा जाड उरेल तेवढं अंतर."

पत्नीने पिठाचे दोन डबे पुढे ओढले. "भाकरीचं पीठ नेऊ नका," ती म्हणाली, "ते फुटतं. गव्हाची न्या म्हणजे पुरावा टिकंल."

त्या दिवशी मी मांडी घालून चाकांच्या आत कणीक चिकटवत होतो आणि मिस्त्री मागच्या बाकावर उड्या मारत होता. पहिला गोळा कागदासारखा पातळ होऊन निघाला. मग मिस्त्रीने मागच्या पाट्यांत एक पान, म्हणजे आणखी एक लोखंडी पट्टी, वाढवले, त्यामुळे जीपची पाठ उचलली गेली. खोबणीची कड हातोडीने ठोकून वर वळवली. पुढच्या चाकांसाठी त्याने आणखी सोपा मार्ग काढला. चाके किती वळावीत हे ठरवणारा एक बोल्ट असतो. तो त्याने लांब केला. चाके आता पूर्ण वळतच नव्हती, त्यामुळे घासण्याचा प्रश्नच उरला नाही. घरात भांडण नको म्हणून घरात जाणेच बंद करावे, अशा स्वरूपाचा तो तोडगा होता. पण शेवटचा गोळा मी मागच्या खोबणीतून काढला तेव्हा तो चांगला बोटभर जाड होता. तो मी तळहातावर घेऊन पत्नीला दाखवायला गेलो.

"बोटभर अंतर," मी म्हणालो. "कुठंही घासत नाही."

"छान," ती म्हणाली. "आता तो गाईला घाला."

या सगळ्यात पंचमी उद्यावर आली. मी आदल्या दिवशी सकाळीच निघायचे असे ठरले होते. परंतु मिस्त्रीची हातोडी दुपारपर्यंत चालली, आणि मुलीसाठी लुगडे व बांगड्या घ्यायचे राहिलेच होते. पत्नी म्हणाली, "आता एसटीनं जा की. वळसंगला उतरा. तिथून गाडीवाट हाय, बैलगाडी मिळंल. रात्री तिच्याकडं राहा, सकाळी दोघं या."

हा सल्ला इतका सरळ होता की तो मला अपमानास्पद वाटला. शिवाय रात्री राहायचे म्हणजे लेकीच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणीही पिऊ नये, असा आमच्या घरातला जुना नेम होता. एरवी मी नेमधर्माच्या बाबतीत फारसा काटेकोर नव्हतो. पण त्या दिवशी तो नेम मला सोयीचा होता. "सकाळी जीपनं जाईन, दुपारच्या आत तिला घेऊन येईन," असे सांगून मी जीपनेच नव्या पेठेत गेलो.

नव्या पेठेत ऐन पंचमीच्या आदल्या संध्याकाळी वाहन घालणे हाच मुळात अविचार. त्यात माझ्या जीपची मान आखडलेली. कापडाच्या दुकानासमोरून वळताना ती अर्ध्यातच थांबली. मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. प्रत्येक वेळी ती वीतभर वळे आणि रस्ता आडवा धरून उभी राही. एका बाजूला बांगडीवाल्याची गाडी, दुसऱ्या बाजूला टांगा.

"अवो, वळवा की!"

"वळत नाही," मी म्हणालो. ते अर्थातच कोणाला ऐकू गेले नाही.

"काय म्हणत्यात?"

"वळत न्हाय म्हणत्यात!"

"वळत न्हाय तर आणली कशाला पेठंत?"

टांगेवाला मला ओळखत असावा. तो घोड्याचा लगाम आवरत मोठ्याने म्हणाला, "राहू द्या, वकीलसाहेब. पुढची तारीख घ्या!"

दुकानाच्या पायऱ्यांवरून हशा उसळला. अखेर चार जणांनी मागची बाजू उचलून जीप फिरवली. लुगडे दुकानदाराने गाडीतच आणून दिले. रंग मी पाहिलाच नाही.

पंचमीची सकाळ कोरडी उजाडली. त्या दिवशी आमच्या घरात विळी आणि सुरी काढत नाहीत, तवा चढत नाही. चिरणे, भाजणे, खणणे काहीच करायचे नाही. नागाला इजा होऊ नये ही त्यामागची भावना. पत्नीने मिरचीसुद्धा हाताने मोडली होती आणि पुरणाची दिंडे उकडायला ठेवली होती. "तिला गरम खाऊ दे," एवढेच ती म्हणाली.

वळसंगपर्यंत जीप खरोखर हत्तीसारखी गेली. वाढवलेल्या पानामुळे प्रत्येक खड्ड्याला माझे डोके वरच्या कांबीवर आपटत होते, पण मी ते विजयाच्या नगाऱ्याप्रमाणे सहन केले. वळसंग सोडून गाडीवाटेला लागलो. ओढ्याला पाणी घोट्याएवढे होते. ते मी पार केले. मागच्या वेळी जिथे बसलो होतो ती जागा मागे पडली. मुलीच्या गावच्या मारुतीच्या देवळाचा शेंडा दिसू लागला. त्या क्षणी मी जीपमध्ये एकटाच असूनही मोठ्याने म्हणालो, "शिवेवर बसती म्हणे!"

मग जीप जड होऊ लागली. आधी थोडी, मग फार. चिखल खोल नव्हता. टायरे रुतत नव्हती. तरीही कोणी मागून धरून ठेवावे तसे इंजिन गुरगुरत गेले आणि शेवटी एक आचका देऊन बंद पडले.

मी खाली उतरून, चिखलात गुडघे-कोपरे टेकून मागच्या खोबणीत डोके घातले आणि मला सगळे एकदम समजले. रात्रीच्या पावसाने भिजलेली काळी माती टायरांच्या खोल नक्षीत भरली होती, टायरांबरोबर वर गेली होती, आणि ते माझे बोटभर अंतर तिने काठोकाठ भरून काढले होते. चाक आणि खोबण यांचा एकच गोळा झाला होता. माझ्या कणकेने जे अंतर मोजले होते ते कोरड्या अंगणातले होते.

माझे बालपण मोहोळजवळच्या अशाच काळ्या रानात गेले. पावसाळ्यात शाळेतून येताना दर चार पावलांना वहाण जड होते, मग ती हातात घ्यायची, मग पायच जड होतात आणि काडीने खरवडायचे. हे मला अक्षरे यायच्या आधीपासून येत होते. काळी माती पाय धरत नाही, पायाबरोबर चालू लागते. वकिलीच्या काळात मी हे साफ विसरलो होतो. लहान टायर आणि मोठी खोबण ही जीपची उणीव मानून मी खर्चाने व कष्टाने भरून काढली, आणि माती निसटून जायला जी वाट होती तीच बंद केली.

खरवडायला मी हत्यारांच्या पेटीतून लोखंडी पहार काढली. तेवढ्यात गावाच्या बाजूने बैलगाडी आली. गाडी व्याही हाकत होते, आणि मागे, नवे पातळ नेसून, गाठोडे मांडीवर घेऊन, माझी मुलगी बसली होती.

माझी अशी समजूत होती की ती रडेल. ती जीपकडे पाहत राहिली, मग तोंडावर पदर घेऊन हसू लागली.

"अण्णा, तुम्ही मला न्यायला आलात का मी तुम्हाला?"

"बर्री, बर्री, वकीलसायब," व्याही कानडीत 'या, या' म्हणत खाली उतरले. "माळावरनं आवाज ऐकला तवाच म्हनलं, आमचं पाव्हणं आलं, शिवंवरच बसलं. पोरगं तर कालपास्नं दोनदा वळसंगच्या स्टँडवर जाऊन बसलंय. म्हनलं शिकलेला मानूस, एसटीनंच येनार." मग त्यांनी माझ्या हातातली पहार पाहिली आणि ते गंभीर झाले. "ते नगं. आज पंचमी. आज आमच्या रानात लोखंड मातीला लावायचं न्हाय."

"फक्त चाकापुरतं—"

"चाकातली बी आमच्याच रानातली हाय की. उद्या काढू. उद्या चार बैलं लावतो. आज तुमी गाडीत बसा, वळसंगला सोडतो. तिसऱ्या प्रहराची एसटी गावंल. दिवस हाय तवर पोरगी झोक्यावर असंल."

उत्तर देणे सोपे होते. परंतु मी जीपकडे पाहिले. रानात, उघड्यावर, नवी टायरे. आणि दारात उभी करीन असे मी मांडवात सांगितले होते. दार समोर दिसत होते. पहार नको तर हाताने खरवडली तर? तासाभरात सुटली तर? मी यांपैकी काहीच बोललो नाही. माझी मुलगी याच आवाजाच्या सहवासात लहानाची मोठी झाली होती. ती माझे न बोललेलेही ऐकत आली होती. ती गाडीतून उतरली. नवे पातळ गुडघ्यापर्यंत खोचले, चाकाजवळ बसली, आणि हिरव्या बांगड्यांचे हात मनगटापर्यंत त्या मातीत घालून ती हाताने ओरबाडू लागली.

"अण्णा, तुम्ही पुढच्या बाजूनं काढा," ती म्हणाली. "सुटंल. दारापर्यंत नेऊ आपण."

तिच्या आवाजात उपरोध नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. भाऊ नसतानाही आदल्या दिवशी तिने भावासाठी करतात तो उपवास केला होता, आणि त्या सकाळपासूनच गाठोडे बांधून ती बसली होती, हे मला नंतर बसमध्ये कळले. आत्ता तिला कळले होते ते एवढेच, की अण्णांना जीप दारात न्यायची आहे. पंचमीचा दिवस सरत होता, घरी दिंडे निवत होती, आणि ती माझी हौस पुरवायला चिखलात बसली होती.

"ऊठ," मी म्हणालो.

तिला ऐकू गेले नाही.

"ऊठ! राहू दे ती जीप!" हे मात्र ओढ्यापलीकडेही गेले असावे, कारण बैलांनी माना वर केल्या.

तिने ओढ्यात हात धुतले. व्याह्यांनी गाडीतून तांब्या काढून माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हात जोडले. घसा कोरडा होता, तरी नेम आठवला.

व्याह्यांनी माझे चिखलाने माखलेले गुडघे, कोपर, कपाळ असे सावकाश पाहून घेतले. "बरं," ते म्हणाले, "लेकीच्या घरचं पाणी चालत न्हाय. चिखुल तेवढा चालतो."

मी तांब्या घेतला आणि सगळा प्यालो. बैलगाडी जीपच्या शेजारून निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिले नाही, असे लिहावेसे वाटते. दोनदा पाहिले.

वळसंगच्या स्टँडवर सायकल धरून जावई उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले आणि सुज्ञपणे, मुलीचे गाठोडे सायकलला अडकवून, ते बस पाहायला पुढे निघाले. बस मिळाली. मुलगी खिडकीशी बसली आणि सोलापूर येईपर्यंत सासरच्या सगळ्या गोष्टी सांगत होती. जीपमधून आलो असतो तर इंजिनाच्या आवाजात त्यांतली एकही ऐकू आली नसती.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेले होते. अंगणात शेजारच्या पोरी जमल्या होत्या, आणि लिंबाला झोका बांधलेला होता. फळी मिळाली नाही म्हणून पत्नीने जीपचे काढलेले एक जुने टायर धुऊन, त्याला हळदीकुंकू लावून, दोराने टांगले होते.

"जीप कुठाय?" तिने विचारले.

"व्याह्यांच्या रानात."

"आणि ही?"

"ही बसनं आली."

"मग ठीक आहे," असे म्हणून तिने दिंडांवरचे झाकण काढले. ती गार झाली होती. मुलीने उभ्यानेच तीन खाल्ली, हात पुसले, आणि जाऊन त्या टायरात बसली. पोरींनी मागून ढकलले. झोका पहिल्यांदा बेताने गेला, मग बुंध्याला आणि ओट्याच्या कोपऱ्याला दोन्हीकडे जागा सोडून मोकळा फिरू लागला. मी कुठे घासते का हे पाहायला, सवयीने, जवळ गेलो.

"अण्णा, मागं व्हा, लागेल!" ती वरून ओरडली.

मी मागे झालो. बोटभर नव्हे, चांगला ओट्यापर्यंत.